एका घराचा रस्ता

आपल्या वस्तीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. तुम्ही कुणी जालन्यात, कुणी पुण्यात. वस्तीवर आता मी एकटीच, म्हणून आजची बातमी मीच सांगते.

सकाळी ग्रामसभेला गेल्ते. जाफराबादचा डांबरी रस्ता सोडला की आपल्या वस्तीपर्यंत नुसता चिखल. मागं मला ताप आल्ता, तेव्हा ॲम्ब्युलन्स आत आलीच न्हाई. म्हणून उभं राहून रस्ता मागितला.

सरपंच आता आपला दत्ता आहे, माझ्या शेजारच्या घरात वाढलेला, पुढं गावात राहायला गेलेला. तो म्हणाला, "काकू, सरकारचा निधी माणसं मोजून येतो. मोठ्या गावांना जास्त, आपल्याला थोडा. त्यातच सगळे रस्ते करायचे. वस्तीवर आता राह्यलंय कोण?"

"मी हाय की."

कुणी हसलं न्हाई. दत्तानं पुढचा विषय घेतला.

सभा संपल्यावर दत्ता जवळ आला. "तुम्हीच गावात राहायला या ना, काकू. आमची एक खोली रिकामी आहे. भाडं नको."

बोलला मायेनंच. पण रस्ता वस्तीपर्यंत आणण्यापेक्षा मलाच तिथून हलवणं त्याला सोपं वाटलं. चिखल तुडवत घरी आले आणि कपभर चहा ठेवला.

मी गेले तर वस्तीवर मोजायला कुणीच उरणार न्हाई. काय करू, तुम्हीच सांगा.

आणि दिवाळीला कोण कोण येणार तेही कळवा. गाडी फाट्यावरच लावा. मी घ्यायला येते.