मावशींच्या दोरीवरचा टॉवेल

"पिळू नको गं. तिनं तुझं काय वाकडं केलंय?"

शेजारच्या मावशी माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, नळाशी पाठमोरी बसून मी नवी ब्रा चोरासारखी धूत होते आणि पोतेरं पिळावं तशी पिळत होते. मावशींनी ती काढून घेतली, कोरड्या पंच्यात गुंडाळली आणि दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबली.

"बॉडी अशी दाबायची. थंड पाणी, चमचाभर शाम्पू. ब्रश नाय, सोडा नाय. आणि आधी हुक लावायचे, नायतर जाळी फाडतात."

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बीएस्सी, रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास. सोडा काय करतो हे मला समीकरणासकट पाठ होतं. तरी दर रविवारी मी सोड्यातच धूत होते.

मावशी निफाडकडच्या, चौथी पास. देवळाली कॅम्पातल्या एका दवाखान्यात आयाची नोकरी करून रिटायर झालेल्या. मला त्या 'बीएस्सी' म्हणायच्या. कौतुकानेच म्हणत असाव्यात, असं मी ठरवून टाकलं होतं.

आमच्या गच्चीचा कायदा तुम्हाला वेगळा सांगायला नको; तुमच्या गच्चीवरही तोच असणार. पुरुषांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या पुढच्या दोरीवर, झेंडावंदन असल्यासारख्या. बायकांचे आतले कपडे मागे, टॉवेलाखाली. वरचा टॉवेल वाळतो, खालचं दोन दिवस दमट राहतं, आणि संस्कृती तेवढी कोरडी ठणठणीत.

मावशींची दोरी मात्र उघडी. "निकरला ऊन, बॉडीला वारा," म्हणत त्या निकर भर उन्हात घालायच्या आणि बॉडी टाकीच्या सावलीत, मधोमध दुमडून. "पट्ट्यानं टांगली की लोंबती. आपल्यासारखी."

एकदा मला जांघेत खाज सुटली. महिनाभर मी मोबाईलवर वाचत होते, मलम लावत होते आणि पुन्हा तीच दमट निकर घालत होते. शिक्षण असं कामी येतं.

"बीएस्सी, नीट का बसत नाय तू?" मावशींनी जिन्यात विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"दवाखान्यात अशा लय यायच्या. सगळ्या टॉवेलाखालच्या."

त्याच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. रिक्षात माझा हात धरून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि बजावलं, कपडे पूर्ण वाळलेलेच घाला. मी मान हलवली, घरी आले आणि टॉवेल बदलून जरा पातळ घेतला. सुशिक्षित माणूस हळूहळू सुधारतं.

मग सेक्रेटरी काकांना बिल्डिंगच्या शोभेची काळजी वाटू लागली. मीटिंग बोलावली, विषय एकच: मावशींची दोरी.

"काका, तुमची निळी चड्डी शोभती का? बुडाला भोक हाय तिच्या," मावशी म्हणाल्या. बायका पदरात हसल्या. मग मावशी माझ्याकडे वळल्या. "बीएस्सी, तू सांग गं यांना, डॉक्टरीण काय म्हणाली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे.

ठराव झाला: आतले कपडे उघड्यावर नकोत. दुसऱ्या दिवशी मावशींनी नेहमीच्याच जागी वाळत घातले. "ठराव कागदावर वाळू दे," म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "हुक लावलेस का?"

गेल्या थंडीत एका सकाळी त्या कपडे वाळत घालून खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत.

दुपारी निफाडची माणसं यायची होती. खुर्च्या आणायला मी गच्चीवर गेले. मावशींच्या दोरीवर, त्यांच्या ओल्या कपड्यांवर, कुणीतरी भलामोठा टॉवेल पसरला होता. सेक्रेटरी काका शेजारीच उभे होते. बिल्डिंगमधली आणखी चार-पाच माणसंही होती.

"पाहुणे येतील," काका हळूच म्हणाले. "बरं नाही दिसत."

मी टॉवेल ओढून काढला.

"टॉवेलाखाली वाळत नाही, काका. मला त्यानंच जांघेत इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

काका माझ्या चपलेकडे बघायला लागले.

मी टाकीच्या सावलीतल्या बॉडीला हात लावून पाहिला. अजून दमट होती. मधोमध दुमडलेली, आणि तिन्ही हुक लावलेले.