माकडशिंगाचं फूल आणि न मेलेला उंदीर

तमाम शेजाऱ्यांना, आप्तेष्टांना आणि आमच्या उंबऱ्यावरूनच नाकाला पदर लावून परत गेलेल्या सर्व पाहुण्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की गेल्या वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत आमच्या बोर्लीच्या घरात उंदीर मेला नव्हता. घूसही मेली नव्हती. माळ्यावर, कपाटामागे, शेगडीखाली काहीही मेलं नव्हतं. मरायला टेकलो होतो तो मी, आणि तोही वैतागाने.

या वैतागाचं मूळ माणगावच्या पलीकडच्या एका कड्यावर, बोटभर कपारीत रुजलेलं आहे. मला कातळावर वाढणाऱ्या मांसल झाडांचा नाद आहे. चिमूटभर मातीत, अंगातच पाणी साठवून ही मंडळी गुबगुबीत राहतात. दिसायला सगळी सारखी. जाडं हिरवं बोट, बारीक हिरवं बोट, चौकोनी हिरवं बोट. ओळखायचं कसं? मोबाइलमधल्या ॲपला विचारलं, तर एकाच झाडाला सकाळी ड्रॅगनफ्रूट म्हणालं, दुपारी शतावरी आणि ऊन उतरल्यावर हिरवी मिरची. निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिघांनी कोरफड म्हटलं, एकाने मधुमेहावर रामबाण म्हटलं, आणि एकाने गुलाबाच्या चित्रासह शुभ सकाळ म्हटलं.

खरं विचारायचं ते एकाच माणसाला. आमच्या सरांना. सर तेव्हा पालीला राहायचे. कॉलेजात त्यांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं. पुढे मी नळ आणि पाइप विकायला लागलो, याबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. सरांचा नियम एकच: फूल दाखवा, नाव घ्या. फुलाशिवाय ते झाडाचं नाव उच्चारत नाहीत.

तरुणपणी सरांना त्या कड्यावर एक माकडशिंग दिसलं होतं. चौकोनी कांड्यांचं, पानं जवळजवळ नसलेलं हे झुडूप. गुराखी भूक लागली की कच्चंच चावून खातात. पण माकडशिंगांतही जाती आणि पोटजाती असतात, आणि आपल्यासमोर कोणतं उभं आहे ते फूलच सांगतं. फूल तेव्हा नव्हतं. सरांनी वहीत जागा लिहिली, कातळाचा रंग लिहिला, कांड्याची जाडी लिहिली आणि नावाची ओळ कोरी सोडली.

"आडनाव कळलंय रे, नाव कळायचंय," असं ते म्हणायचे. तीस वर्षं हेच म्हणत होते.

आता सरांचे गुडघे गेलेत. दिवाळीआधी पालीचं घर बंद करून ते लेकीकडे नागपूरला कायमचे निघाले होते. वह्या कॉलेजला देणार होते. सगळ्या ओळी भरलेल्या आणि एकच कोरी, हे त्यांना गुडघ्यांहून जास्त दुखत होतं. मला थेट म्हणाले नाहीत. फक्त फोनवर हवापाणी विचारताना म्हणायचे, "तो कडा अजून आहे ना रे जागेवर?"

कडा होता. फूल नव्हतं. पहिल्या वर्षी मी लवकर गेलो. दुसऱ्या वर्षी उशिरा गेलो आणि वाळलेल्या पाकळ्यांचा चुरा घेऊन आलो, तो सरांनी टेबलावरून फुंकून टाकला. तिसऱ्या वर्षी अगदी वेळेवर पोचलो, तर माझ्यासमोर एका बकरीने शेवटची कळी तोंडात घेतली. मी ओरडलो. बकरीवाला शांतपणे म्हणाला, "तिचं प्वाट भरलं, तुमचं काय ग्येलं?"

चौथं, म्हणजे गेलं, वर्ष शेवटचं. दसऱ्याआधी चार दिवस मी कड्याखाली पोचलो, आणि तिथे दगडांत वरून निखळून पडलेलं एक कांडं मिळालं. टोकाला दोन कळ्या! उपटलं नाही, तोडलं नाही, आपण होऊन पडलेलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन, बाळंतिणीसारखा सांभाळत मी ते बोर्लीला आणलं. मागच्या पडवीत ठेवलं आणि सरांना फोन लावला.

"कळ्या आहेत सर!"

"कळीचं बारसं मी करत नाही," सर म्हणाले. "पण दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो. तोवर उमलेल."

फोन ठेवून पडवीत आलो, तर वर्तमानपत्र होतं. कांडं नव्हतं.

मी घर पालथं घातलं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या बोटांना मी हातसुद्धा लावत नाही." कचऱ्यात बघितलं, विहिरीजवळ बघितलं, शेजारच्या गाईकडे संशयाने बघितलं. सरांना सांगायचं धैर्य झालं नाही. रोज फोन उचलायचो, आणि पलीकडून त्यांचा आवाज ऐकला की "पाऊस गेला बरं का सर" असं काहीतरी बोलून ठेवून द्यायचो. दसरा झाला. बायकोने दाराला झेंडूचं तोरण लावलं. मी तोंड पाडून सोनं वाटलं.

आणि मग, रविवारला तीन दिवस उरले असताना, वास सुरू झाला.

आधी बारीक. मग घरात शिरताना थोबाडीत मारल्यासारखा. बायको म्हणाली, उंदीर. आम्ही माळा रिकामा केला. लग्नातली ट्रंक खाली काढली, माझी कंबर धरली. कपाट सरकवलं, त्याचा पाय मोडला. उंदीर नाही. तेवढ्यात बायकोचं लक्ष सुक्या मासळीच्या डब्याकडे गेलं, आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या दारी मावशी टोपली घेऊन आली. ही मावशी कोळीवाड्यातली, आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी देते.

"मावशी, या खेपेचे बोंबील जरा..." बायको चाचरत म्हणाली.

"जरा काय?"

"जरा वास मारतायत."

मावशीने टोपली खाली ठेवली. डब्यातला बोंबील उचलला, कडकन मोडला आणि कच्चाच चावत म्हणाली, "घे, मी खाल्ला! मेली तर तुमच्या दारात मरन! इतक्या वर्सांत माज्या मासलीला कुनी बोट लावला न्हाय." रविवारी परत येऊन डबा नेईन, पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही, असं बजावून ती गेली.

रविवारी सकाळी मी अगरबत्तीचा अख्खा पुडा लावला. आता घरात चंदनात भिजलेला मेलेला उंदीर होता. दहाच्या सुमाराला सरांची जीप थांबली. काखेत ती वही, गळ्यात दोरीला भिंग, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. माणूस लग्नाला आल्यासारखा आला होता.

"सर," मी म्हणालो, "आधी चहा घेऊ."

"आधी फूल."

"सर, त्याचं काय झालं..."

सर ऐकतच नव्हते. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी नाकपुड्या फुगवल्या. मान हळूहळू वर गेली. काठीच्या टोकाने त्यांनी वाळकं तोरण बाजूला सारलं.

तोरणामागे, दाराच्या खिळ्याला निळ्या नायलॉनच्या धाग्याने उलटं टांगलेलं माझं कांडं होतं. टोकाशी ते उजेडाकडे वळलं होतं, आणि त्या वळणावर एक फूल. जांभळट, चांदणीसारखं, कडेला लव. भोवती चार हिरव्या माश्या घोंघावत होत्या.

धागा जाळं विणायचा. बोर्लीत तो कोणाच्या कनवटीला असतो हे विचारायला नको. मावशी मागच्या दारातूनच येत होती, डबा न्यायला.

"त्ये व्हय? मीच बांधला," मावशी म्हणाली. "मासली द्याया आले तवा मागल्या पडवीत पडला व्हता. पुडच्या दारावरची कोरफड सुटून पडली वाटली, म्हून पुडं येऊन बांधला. असा दृष्टीचा बांधलेला जमिनीवर पडू द्याचा नसतो."

"तोरण लावताना खिळ्याला काहीतरी होतं खरं," बायको पुटपुटली. "खिळ्याला असतंच काहीतरी."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे दारावर कोरफड उलटी टांगतात. ती बिनपाण्याची महिनोन् महिने जगते, हे मला लहानपणापासून माहीत. आणि मी गाईवर संशय घेतला! स्वतःच्या दाराच्या वर बघायचं मात्र मला सुचलं नाही.

मावशी फुलाखाली गेली, तोंड वर करून एकदाच हुंगलं आणि दोन पावलं मागे आली. बायकोकडे तिने असं बघितलं की बायको मुकाट्याने चहा ठेवायला पळाली.

मग स्टूल आणलं. सर वर चढले, मी खालून त्यांचे गुडघे धरले. मान वर करून वाट बघत राहिलो. ते भिंगातून बघत होते, पाकळ्या मोजत होते, कडेची लव बघत होते. माश्या त्यांच्या टकलावर बसत होत्या. माझे हात भरून आले.

"सर, पेन?"

त्यांनी हात खाली केला. मी पेन दिलं. स्टुलावरच, दाराच्या चौकटीला वही टेकवून, त्यांनी ती ओळ सावकाश भरली. वही मिटली. मला वाटलं, आता उतरतील. पण त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले, नाक थेट फुलात घातलं, छातीभर श्वास घेतला आणि आयुष्यात कधी कोणाच्या उत्तरपत्रिकेवरही ज्यांनी 'छान' लिहिलं नाही ते आमचे सर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "अहाहा! काय सुंदर घाण आहे रे!"