परक्या बाजारातली भवानी

"देव लई बघितले तम्मा, एकदा परक्याचा बाजार दाखव," असं अक्का म्हणाली आणि आमचं बँकॉक ठरलं. अक्का माझी थोरली बहीण, आणि तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, मी. मंद्रूपच्या आठवडी बाजारात तीस वर्षं परकर, टॉवेल आणि बाळांची झबली विकते. मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो आणि वर्तमानपत्रात लोकांची उणीदुणी काढून पोट भरतो. या खेपेचं उणंदुणं माझंच आहे, हे आधी सांगून टाकतो.

सोलापूर ते पुणे रेल्वेने, पुढे विमान, साडेचार तासांच्या आत बँकॉक. शाकाहारी मंडळींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत न्यावी. तिथे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली, तर त्या गाड्यावर मांसमच्छी नसते. ही एक ओळख पटली की पोटाचा प्रश्न मिटतो. अक्काला ती पहिल्या संध्याकाळी पटली. मला चुकीच्या गाड्यावर दोनदा जाऊन पटली.

शनिवारी पाहुरत आणि त्याला लागून असलेली सांपेंगची गल्ली. पाहुरत म्हणजे कापडाचा बाजार, आपल्याकडून गेलेले व्यापारी पुष्कळ, हिंदी चालते, डाळभात मिळतो. सांपेंग इतकी अरुंद की हातगाडी आली की माणसांनी दुकानात शिरायचं, आणि शिरलं की काहीतरी घ्यायचं. अक्का प्रत्येक ताग्याला बोट लावत चालली होती.

"हे सुरतचं हाय," ती म्हणाली.

"अक्का, आपण परदेशात आलोय."

"आपण आलो, तसं ते बी आलं की."

दुकानदार हसला आणि तिला बसायला स्टूल दिलं. मला दिलं नाही. धंद्यातला माणूस कोण, हे त्याला बघताक्षणी कळलं होतं.

रविवारी चतुचक. हा बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो. आकाशरेल्वेने मो चित स्टेशनला उतरलं की गर्दी तुम्हाला आपोआप पोचवते. मी अक्काला घेऊन मुद्दाम नऊच्या आत गेलो, कारण माझ्याकडे युक्ती होती. पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानदार रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, मोडली तर दिवस वाईट जातो असं आपल्याकडे मानतात आणि तिकडेही मानतात, हे मी वाचलं होतं. तेव्हा सकाळी जायचं, भाव निम्म्यावर पाडायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. हाक येतेच.

घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोडं आत एक बाई दुकान मांडत होती. साठीची असेल. मी हत्तीची नक्षी असलेला सुती शर्ट उचलला. तिने कॅल्क्युलेटरवर अडीचशे बाट दाखवले. मी सव्वाशे केले. ती हसून दोनशे चाळीसवर आली. मी पाठ फिरवली. हाक आली. पुन्हा पाठ फिरवली. या वेळी हाक यायला जरा वेळ लागला, पण आली. एकशे चाळीसला शर्ट माझा झाला. मी लगेच फोटो काढला आणि पेठेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सोलापुरी डोकं'.

मान वर केली तेव्हा ती बाई माझ्या नोटा हातात घेऊन टांगलेल्या प्रत्येक शर्टाला हळूच लावत होती. एकूण एक. मग कपाळाला लावल्या. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

अक्काने माझ्या हातातून शर्ट घेतला, उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं.

"दुहेरी शिवण हाय. भवानीला तिनं सांगितलं किती?"

"अडीचशे."

"मग तेवढ्याचाच हाय. भवानीच्या गिऱ्हाइकाला आमी वाढवून सांगत न्हाई तम्मा. दिवसाचा पयला बोल खोटा करायचा नसतो. तू वाढवलेला भाव पाडला न्हाईस, खरा पाडलास."

"इकडचे लोक तसं करतात कशावरून?"

"नोटा लावल्या की कपड्यांना. आनी काय सांगायचं असतं?"

त्यानंतर अक्काने त्या बाजारात काहीही घेतलं नाही. सुनेसाठी पर्स घ्यायची म्हणून ती वर्षभर बोलत होती. मी दाखवली तर म्हणाली, "तुझ्यासंगं बाजार नको." नारळाचं आइस्क्रीम मात्र खाल्लं. दोन्ही कप तिनेच घेतले, सांगितल्या भावाने.

सोमवारी सकाळी तिला हॉटेलवर ठेवून मी एकटा परत गेलो, तिच्या भावातले राहिलेले एकशे दहा बाट खिशात घेऊन. मनोरा होता, गल्ली होती, दुकानांची शटरं खाली. झाडणाऱ्या माणसाला हातवारे करून विचारलं. त्याने पाच बोटं दाखवली. पाच दिवसांनी या. मंद्रूपच्या बाजाराशी नातं असलेल्या माणसाला हे कळायला समुद्र ओलांडावा लागला, की उठलेला बाजार परत बोलावता येत नाही. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं.

सोलापुरात ग्रुपने माझं कौतुक केलं. एक मित्र पुढच्या महिन्यात जाणार आहे, त्याला युक्ती समजावून हवी होती. मी दुकानाचा पत्ता सांगितला आणि म्हणालो, पहिलं गिऱ्हाईक तू असलास तर ती सांगेल ते दे. तो म्हणाला, "चेष्टा करतोस काय?" माझा धंदा चेष्टेचा, त्यामुळे खरं बोललेलं कुणी धरत नाही.

गेल्या बाजाराला मी अक्काबरोबर मंद्रूपला गेलो. ताडपत्री अंथरून होते ना होते, तोच एक गृहस्थ मोटरसायकलवरून उतरले. बाळाचं झबलं उचललं. अक्काने भाव सांगितला. त्यांनी निम्मा केला आणि पाठ फिरवली. अक्काने हाक मारली. त्यांनी पुन्हा पाठ फिरवली. रुंद, इस्त्रीच्या शर्टातली, निवांत पाठ. मला माझी पाठ आजवर कधी दिसली नव्हती.

"बोलाव की त्यास्नी," अक्का मला म्हणाली. "भवानी हाय."

मी हाक मारली. ते वळले, जिंकल्यासारखे हसले, आणि मीही हसलो.