जिल्हा नांदेड, मत लातूरला

कंधार तालुक्यातल्या नागाबाईने तीस वर्षं नांदेड लोकसभेला मत दिलं होतं. मग मतदारसंघांची नव्याने आखणी झाली. तिचं गाव लातूर मतदारसंघात गेलं, जिल्हा मात्र नांदेडच राहिला.

पुढे दुष्काळात गावची विहीर आटली. "आता आपलं ऐकणार कोण?" म्हणत सरपंच बसून राहिला. नागाबाईने टँकरसाठी एकच अर्ज दोनदा लिहवून घेतला. एक नांदेडला कलेक्टर कचेरीत दिला, दुसरा घेऊन खासदाराच्या कार्यालयात जायला लातूरची एसटी धरली.

"बाई, तुमचा जिल्हा तर नांदेड हाय," खासदाराचा माणूस म्हणाला.

"हाव, पण मत हितं देतो आमी. सही झाल्याबिगर मी उठणार न्हाई."

संध्याकाळी अर्जावर खासदाराची सही मिळाली. आठवड्याने गावात टँकर आला, तेव्हा नागाबाई बोअरचा अर्ज घेऊन पुन्हा लातूरला गेली होती.