सगळे की निवडक?

एका ऑफिसात बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, तारेला पतंगाचा मांजा अडकत जातो तसे. आमच्या ऑफिसात मात्र गंमत अशी की, साचलेले बहुतेक किस्से माझेच आहेत. चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "संतोष, ते फिल्टरचं सांग ना." मी सांगतो. दुसऱ्यानं सांगितलं तर तो माझं येडेपण वाढवून सांगतो, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

जालन्यात आमची ठिबकच्या नळ्यांची कंपनी. मालक म्हणजे बाबूजी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण बाबूजी आमच्यापेक्षा अस्सल मराठवाडी बोलतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ग्राहकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते सगळ्यांच्या ईमेलला आणि फोनमधल्या नावांना जोडायचं काम मला दिलं. का? तर एकदा मी प्रिंटरमधला अडकलेला कागद काढला होता. तेव्हापासून मी कंपनीचा कॉम्प्युटरवाला.

* * *

जोडताना सॉफ्टवेअरनं एकच प्रश्न विचारला : कोणते संपर्क घ्यायचे, सगळे की निवडक? मी 'सगळे' दाबलं. निवडायला वेळ लागतो.

बाबूजींच्या ईमेलमध्ये होते नव्हते ते सगळे संपर्क ग्राहक झाले. डॉक्टर, शिंपी, मंदिराचे पुजारी, आणि जोधपूरचे व्याही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला आपोआप मेल गेला की, आपल्या ठिबक संचाची सफाई बाकी आहे, दुर्लक्ष केल्यास नळ्या तुंबू शकतात.

व्याह्यांची आदल्याच आठवड्यात अँजिओग्राफी झाली होती. त्यांनी बाबूजींना फोन करून फार गंभीर आवाजात विचारलं, "तुम्हाला डॉक्टरनं काही वेगळं सांगितलं का?"

* * *

त्यानंतर मला कळलं की फिल्टर लावायचा असतो. म्हणजे अट घालायची, अटीत बसेल तोच संपर्क आत येईल.

मंठ्याच्या डीलर लोकांची मीटिंग ठरली होती. मी अट घातली : गाव बराबर 'मंठा' पाहिजे. पण आमच्या यादीत कुणी 'मंठा ता.' लिहिलेलं, कुणी 'मंठा रोड', कुणी इंग्रजीत. अटीत नेमका एक माणूस बसला, गणपतअप्पा. निमंत्रण त्यांना एकट्यालाच गेलं.

हॉल घेतलेला, चाळीस खुर्च्या मांडलेल्या, पुरीभाजी तयार. पहिल्या रांगेत गणपतअप्पा. बाबूजींनी माइकवरून पाऊण तास पूर्ण भाषण केलं, आणि शेवटी पद्धतीप्रमाणे विचारलं, कुणाला काही शंका?

गणपतअप्पा उठले. पाऊण तास त्यांच्या कपाळावरचा घाम हटला नव्हता. हात जोडून म्हणाले, "बाबूजी, मला एकट्यालाच बलावलं. माझं काही चुकलं का?"

* * *

मंग मी अट सैल केली. संपर्काच्या नावात कुठंही आपल्या भागातलं गाव दिसलं की घ्या आत.

आमचा फिरता सेल्समन अंकुश. त्याची फोनमध्ये नावं लिहायची पद्धत वेगळी आहे, हे मला कसं माहीत असणार? राजूरचे एक निवृत्त गुरुजी आहेत. पाच एकर मोसंबी, आणि ठिबकचं एक छिद्र बुजलं तरी अंकुशला तीनदा फोन. अंकुशनं त्यांचं नाव 'डोकं खातो राजूर' असं ठेवलं होतं. त्यात गाव होतं, त्यामुळे संपर्क आत आला, आणि गुरुजींना मेल गेला : 'प्रिय डोकं खातो राजूर, आपण आमचे मानाचे ग्राहक आहात.'

गुरुजी तो मेल छापून घेऊन ऑफिसात आले. अंकुश मागच्या दारानं गेल्ता. मी एकटाच सापडलो. गुरुजींनी कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर लाल पेनानं एक शब्द गोल केलेला होता.

"मजकुराबद्दल तक्रार न्हाई," ते म्हणाले. "पण मी वयानं मोठा आहे. 'खातो' न्हाई, 'खातात' पाहिजे."

* * *

ही अट तपासायला मी स्वतःचा फोनही जोडला होता. माझ्याकडं बायकोचं नाव 'घर अंबड रोड' आहे. अंबड हे गाव, म्हणून बायको ग्राहक झाली. तिला विचारणा गेली की, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, पाचपैकी गुण द्या आणि सूचना असल्यास लिहा.

तिनं दोन गुण दिले. सूचना लिहिली : 'सांगितलेलं एका वेळी ऐकू येत न्हाई. बाकी ठीक.'

आमच्या सुरेखाताई महिन्याचा अहवाल काढतात. त्यांनी ही तक्रार मीटिंगमध्ये वाचली आणि कोणत्या विभागाची म्हणून विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "पुन्हा एकदा वाचा, नीट ऐकू आलं न्हाई."

* * *

शेवटी मी सफाईला बसलो. नको असलेले संपर्क ग्राहकांतून काढून टाकले, आणि एकाच नावाचे दोन दिसले की त्यांचा एक केला. संध्याकाळी कळलं की जोडणी दोन्ही बाजूंनी होती. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जात होतं. बाबूजींच्या फोनमधून त्यांचे सगळे नातेवाईक गेले, मुलगीसुद्धा.

बाबूजी रागावले नाहीत. मी निघेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, एवढंच. मला ते जास्त लागलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बायकोला न विचारता राजीनामा लिहिला आणि बाबूजींना मेलनं पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी घरीच थांबलो. उत्तर आलं नाही. मनात म्हटलं, झालं, सुटली नोकरी. दुपारी सुरेखाताईंचा फोन आला : जल्दी ये, बाबूजींपुढं कुणीतरी रडून राह्यलंय.

गेलो तर बाबूजींसमोर आष्टीचे आमचे डीलर बसलेले. नाव संतोष जाधव. माझंही नाव तेच. मी दोघांचा एक केला होता आणि एका नावाखाली त्यांचाच ईमेलचा पत्ता उरला होता. बाबूजींना आलेल्या मेलवरच उत्तर द्यायची सवय नाही. ते नवीन मेल उघडतात आणि नाव टाकतात.

डीलरनं फोन माझ्यापुढं धरला. बाबूजींनी लिहिलं होतं : 'संतोष, सोडून जाऊ नको. चुका कुणाकडून होत न्हाईत? मीही तुझ्याशी बोललो न्हाई, ते चुकलं. तू घरचा माणूस आहेस. उद्या ये, बसून बोलू.'

डीलर डोळे पुसत बाबूजींना म्हणाले, "दुसरी कंपनी धरायचं मी पक्कं केल्तं. उद्या सही करणार होतो. बायकोलाबी बोललो नव्हतो. तुम्हाला कळलं कसं?"

बाबूजींनी एकदा फोनकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आमच्याकडं सॉफ्टवेअर हाय," ते म्हणाले.