तळपायाची तीट

मुलगी जन्मल्यापासून मी तिला तीट लावत आले. माझे वडील असते तर रागावले असते. आम्ही बौद्ध. दृष्ट, मीठमोहऱ्या, लिंबू-मिरची हे सगळं ते मराठवाड्यातल्या गावातच टाकून आले होते. नवी मुंबईत, महाप्याच्या कारखान्यात आयुष्य काढलं आणि आम्हाला बजावलं, असलं काही मानायचं नाही. पण नवरा बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. घरात मी आणि तान्हं बाळ. एकटं माणूस कशालाही धरून राहतं; मी काजळाच्या डबीला धरलं.

नवरा घानाचा. मुलगी बापावर गेली आहे. रंग त्याचा, केस त्याचे, हसणंही त्याचंच. माझं फक्त नाक आणि राग.

ती सहा वर्षांची असताना एका लग्नाला निघालो होतो. घाईत तीट राहिली, म्हणून लिफ्टमध्येच डबी काढून तिच्या गालावर टेकवली. चौथ्या मजल्यावरच्या काकू शेजारी उभ्या होत्या. "अगं, हिला कशाला तीट? दिसत पण नाही," त्या हसत म्हणाल्या. "आणि हिला कोण दृष्ट लावणार?"

काकू वाईट नाहीत. दिवाळीला न चुकता चकल्या पाठवतात. वाईट असत्या तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. माझी जीभ तशी तिखट आहे, पण त्या दिवशी तळमजला येईपर्यंत मी नुसतं डबीचं झाकण लावत राहिले.

लग्नाहून परतताना मुलीने विचारलं, "आई, मला दृष्ट का नाही लागत?"

"कुणालाच लागत नाही. ते सगळं खोटं असतं."

"मग तू मला रोज तीट का लावतेस?"

त्यानंतर तिने खाली खेळायला जाणं सोडलं. "कंटाळा येतो," एवढंच म्हणायची. खालची मुलं तिचा हात चोळून रंग निघतो का बघायची, ते तिने हसून चालवून घेतलं होतं. काकूंचं ते बोलणं मात्र तिला गिळता आलं नाही. संध्याकाळी खालून मुलांचा आरडाओरडा यायचा आणि ही भिंतीकडे तोंड करून ठोकळे रचत बसायची. मला तिला खाली पाठवायचं होतं, पण कशाच्या जोरावर पाठवू, ते कळत नव्हतं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तिला तिच्यासारखी माणसं दिसू देत. बोलायला काय जातं! इथे ती माणसं आहेत, खारघरला, कोपरखैरण्याला मी बघितली आहेत. पण सगळी खाली मान घालून चालणारी. वाटलं, रविवारी एकत्र बसावं. मुलं खेळतील, आया बोलतील. कुठल्या शाळेत त्रास नाही, कुठला घरमालक बरा, लिफ्टमध्ये कुणी असं बोललं तर काय म्हणायचं.

सोसायटीचा हॉल मागितला. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुमचं ठीक आहे हो, तुम्ही आपल्यातल्या. पण बाहेरची तसली माणसं आली की मेंबर ऑब्जेक्शन घेतात. उगाच टेन्शन नको."

मग शिरवण्याच्या विहारात गेले. विहाराची किल्ली एका म्हाताऱ्या बाईंकडे असते. त्या वडिलांच्या गावाकडच्या, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनीही नाक मुरडलं. "त्यांचं खाणंपिणं कसलं असतंय गं?"

"आत्या, गावात आपल्याबद्दल पण हेच विचारायचे ना?"

त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

पहिल्या रविवारी मी पातेलंभर खीर केली, सतरंजी अंथरली. रस्त्यात, बाजारात गाठून बोलावलं होतं; येतो म्हणालेल्यांपैकी कुणीच आलं नाही. आम्ही मायलेकीच खीर खात बसलो. "आपणच दोघी आहोत का अशा?" मुलीने विचारलं. मी नळाखाली पातेलं घासायला गेले आणि तिथे रडले. नवऱ्यावर, काकूंवर, स्वतःवर, सगळ्यांवर राग आला होता.

पुढच्या रविवारी एकच बाई आली. काँगोची. दिवाळे गावच्या बाजारात मासळी घेताना आमची ओळख झाली होती. पाठीला बाळ बांधलेलं. मोडक्या हिंदीत म्हणाली, घरमालक चांगला आहे, पण बिल्डिंगवाले नको म्हणतात, महिनाअखेर घर सोडायचंय. माझ्याकडे उपाय नव्हता. खीर होती, ती दिली.

तिने बाळाला सोडून सतरंजीवर ठेवलं. ते जागं झालं आणि सगळं अंग हलवून हसलं. आत्या पंखे बंद करायच्या निमित्ताने आल्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या. "आगं बया! लेकरू हाय का काय हाय! दिष्ट लागंल की याला. डबी हाय का तुझ्याकडं?"

"आत्या, इथे? विहारात?"

"तथागताला कळतंय समदं. काढ तू."

मी त्या बाईला समजावलं, बाळ फार देखणं आहे ना, म्हणून लावतात. ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "इधर किसीने नहीं बोला," ती म्हणाली.

आत्यांनी गालावर बोट टेकवलं. काळ्याभोर गालावर तीट दिसेना. त्या पुन्हा पुन्हा टेकवू लागल्या. तेव्हा माझी मुलगी पुढे सरकली, बाळाचा पाय उचलून तळवा वर केला. "इथे लावा. इथे दिसेल."

गुलाबी तळव्यावर तीट ठसठशीत उठली. मुलीने ती वाकून नीट बघितली. मग माझ्याकडे न बघता स्वतःच्या सँडलचा पट्टा सोडला आणि पाय आत्यांच्या मांडीवर ठेवला.

"तुला तर आदी लावाय पायजे हुती," आत्या म्हणाल्या आणि चांगली मोठी लावली.

त्या बाईला पुढे घर सोडावं लागलंच. ती बंगळुरूला गेली. किल्ली अजून माझ्याकडे आहे. एखाद्या रविवारी कुणी येतं, बाकी आम्ही दोघीच असतो.

पण त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने एक पाय मोरीबाहेर काढून आंघोळ केली. आणि संध्याकाळी, मी काही म्हणायच्या आत, सँडल घालून खाली गेली. कुणी बोलावलं नव्हतं. मी गॅलरीतून बघत होते. घसरगुंडीपाशी मुलं तिला रांगेत घेईनात, तरी ती हटली नाही. उभीच राहिली, मान ताठ, उन्हात लखलखत. इतकी सुंदर दिसत होती की माझीच दृष्ट लागायची, म्हणून मी आत आले.