मळीतला पालाश

नदीकाठी पुराच्या गाळाने बनलेल्या जमिनीला इकडे मळी म्हणतात. त्या मळीत केळीच्या खालच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. बांधावर दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे होते.

"पालाश कमी पडलाय. पोटॅश टाकूया, न्हाईतर घड पोसायचं न्हाईत," धाकटा म्हणाला.

"मळीला खत? गाव तोंडात शेण घालंल," थोरला म्हणाला. "पोतं आणलंस तर हितं पाऊल ठेवू नगंस."

गाळात पालाश असतो, हे खरं. पण पूर ओसरून चिकणमाती वाळली की तो तिच्या पापुद्र्यांत अडकतो आणि मुळांच्या वाट्याला फार थोडा येतो. भरल्या घरातही काही माणसं अशीच उपाशी राहतात. अशा घराची किल्ली बहुधा एकाच कमरेला असते.

धाकट्याने एक करपलेलं पान ओढून थोरल्यापुढे टाकलं. थोरल्याने ते पायाने बाजूला सारलं.

"आपल्या मळीत कमी काय हाय रं?"

"कमी कायबी न्हाई, दादा. मिळत न्हाई. केळीलाबी आन् मलाबी."